विसार घेतल्यानंतर : छायाचित्रणाचा छंद पेशा होताना

घरातल्या मुंजीत सहज काढलेले फोटो सगळ्यांना आवडतात. पैसे देऊन बोलावलेल्या फोटोग्राफरपेक्षा तुझेच छान आलेत, असं काकू म्हणतात. मग ओळखीतल्या कुणाच्या तरी बारशाचं बोलावणं येतं, निघताना हातावर पाकीट ठेवलं जातं आणि मनात विचार घोळू लागतो : नोकरी सोडून हेच केलं तर? महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आज ही चर्चा चालू आहे. "यात पोट भरेल का?" हा आईवडिलांचा प्रश्न रास्त आहे. पोट भरतं. अनेकांचं भरलेलं आहे. पण ते कशावर भरतं, हे नीट सांगायला हवं. छंद असतो तोवर फोटो आपल्यासाठी असतो; मनासारखा आला नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा जाता येतं. विसाराचे पैसे घेतले, की कुणाचा तरी परत न येणारा दिवस आपण अंगावर घेतलेला असतो. या व्यवसायाचा पाया त्या जबाबदारीत आहे; कॅमेरा, कला आणि ओळखी यांचा नंबर त्यानंतर लागतो, असं माझं ठाम मत आहे.

जुनीच वाट

दागेरच्या छायाचित्रण-तंत्राची घोषणा फ्रान्समध्ये १८३९ साली झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांपैकी एक. त्यांनी डॉक्टरी सांभाळून छायाचित्रण केलं. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. पोटाचा उद्योग वेगळा ठेवून जोपासलेला छंद आणि त्यावरच उभा केलेला संसार, या दोन्ही वाटा मुंबईने तेव्हाच पाहिल्या.

छंदाचा पेशा कसा करावा, याचा धडा घ्यायचा तर राजा दीनदयाळ यांच्याकडून. १८४४ साली जन्मलेले दीनदयाळ रुरकीला अभियांत्रिकी शिकले आणि इंदूरला बांधकाम खात्यात आराखडे नि अंदाजपत्रकं करू लागले. १८७०च्या दशकात त्यांनी हौसेने कॅमेरा हाती घेतला. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिलं. तरी त्यांनी नोकरीवर लगेच पाणी सोडलं नाही. आधी कामं मिळवली, मोठ्या कामासाठी लांब रजा घेतली आणि जम बसल्यावरच खातं सोडलं. पुढे ते सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत स्टुडिओ उघडला. त्याआधी, १८९२ मध्ये, पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी हैदराबादेत स्त्रियांनीच चालवलेला वेगळा स्टुडिओ सुरू केला होता. गिऱ्हाईक आपल्यापर्यंत का येत नाही, हे ओळखून त्याची अडचण दूर करणं म्हणजे धंद्याची जाण. ती त्यांच्याकडे पुरेपूर होती.

दादासाहेब फाळके यांची वाट खडतर होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकून त्यांनी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ थाटला. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गेलं आणि गोध्रा सुटलं. पुढे पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकाराची नोकरी, मग छपाईचा उद्योग आणि शेवटी १९१३चा 'राजा हरिश्चंद्र'. त्या चित्रपटाला भांडवल मिळावं म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कोंब फुटून वेल वाढेपर्यंत ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. नुसत्या शब्दांवर पैसे मागण्याऐवजी त्यांनी आपल्या हाताचा नमुना पुढे ठेवला. आजचा पोर्टफोलिओ तरी दुसरं काय असतो?

आपल्या आठवणीतलं उदाहरण गौतम राजाध्यक्ष यांचं. रसायनशास्त्राचे पदवीधर, १९७४ पासून लिंटास या जाहिरात संस्थेत नोकरी. १९८०च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम यांची व्यक्तिचित्रं टिपली आणि नाव झालं. तरीही पूर्णवेळ छायाचित्रणाकडे ते वळले १९८७ मध्ये. मधली वर्षं वाया गेली नाहीत. माणसं, प्रकाश आणि बाजार या तिन्हींची ओळख त्यांत पक्की झाली.

लग्नसराई

आज महाराष्ट्रात या व्यवसायात येणाऱ्या बहुतेकांची सुरुवात लग्नापासून होते. कुणी 'ट्रॅडिशनल' करतं म्हणजे विधी आणि स्टेजवरचे आहेराचे फोटो, कुणी 'कँडिड', कुणी प्री-वेडिंग. लग्नाच्या कामाला हलकं समजण्याची एक रीत आहे, ती मला मुळीच मान्य नाही. अंतरपाट दूर होतानाचा एकच क्षण बघा. भटजी शेवटच्या मंगलाष्टकाकडे वळले, की फोटोग्राफरची जागा ठरलेली असली पाहिजे. मधलं कापड बहुधा पांढरं असतं. कॅमेरा आपोआप मोजमाप करत असेल, तर त्या पांढऱ्यामुळे तो फसतो आणि वधूवरांचे चेहरे काळवंडतात. म्हणून एक्स्पोजर आधीच हाताने बांधून ठेवायचं. वरून हॉलचे पिवळे दिवे, बाजूने व्हिडिओवाल्याचा पांढरा प्रकाश. मामा मुलीच्या मागे उभे, करवल्या पुढे सरकलेल्या, आणि अक्षता टाकता टाकता निम्मं गणगोत मोबाइल वर धरून उभं. वाजंत्री वाजतात, कापड खाली येतं आणि दोघं एकमेकांकडे बघतात. हे सगळं दीड-दोन सेकंदांत संपतं. तेवढ्यात फोकस नवरीच्या डोळ्यांवर हवा, उडालेल्या अक्षता स्थिर टिपल्या जायला हव्यात आणि फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरायला हवा, म्हणजे एक कार्ड दगावलं तरी दुसरं शाबूत राहील. "पुन्हा एकदा करा" असं इथे म्हणता येत नाही. ज्याला हे दर वेळी जमतं, त्याला छायाचित्रणाच्या इतर कुठल्याही शाखेत भीती उरत नाही.

म्हणूनच नवख्याने थेट मोठी ऑर्डर घेऊ नये. एकदोन सीझन अनुभवी माणसाच्या हाताखाली दुसरा फोटोग्राफर म्हणून उभं राहावं. तिथे कॅमेऱ्याइतकंच आणखी काही शिकायला मिळतं : रुसलेल्या आत्याला ग्रुप फोटोत कसं आणायचं, भटजींशी आधी कसं बोलून घ्यायचं, रात्री घरी आल्यावर झोपण्याआधी सगळे फोटो दोन ठिकाणी कसे उतरवायचे.

वस्तू, वृत्तपत्र, जंगल

लग्नाइतकी दिसत नाही, पण बारमाही कमाई आहे ती वस्तूंच्या छायाचित्रणात. सराफ, हॉटेलवाले, मसाल्याचे उद्योग, साड्यांचे विक्रेते या सगळ्यांना आता फोनवर माल दाखवायचा असतो. येवल्याची धूपछांव पैठणी घ्या. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. कोन बदलला की रंग बदलतो. समोरून सपाट प्रकाश मारला तर ती एकरंगी दिसते आणि जर पांढरट होते. प्रकाश एका बाजूने, पडद्यातून गाळून आणावा लागतो आणि घडी अशी टाकावी लागते, की एका चुणीवर एक रंग आणि शेजारच्या चुणीवर दुसरा दिसेल. फोटोतला रंग नि हातातला रंग जुळला नाही, तर साडी परत येते आणि विक्रेता पुन्हा आपल्याला बोलावत नाही. हे शिकायला घराची खिडकी, पांढरा पडदा आणि आईची एक साडी पुरते.

वृत्तपत्रांतल्या पगारी जागा कमी झाल्या आहेत, हे खरं. पण त्या शाळेत घडलेली माणसं पाहिली की तिचं मोल कळतं. अकोल्याच्या सुधारक ओलवे यांनी वृत्तपत्राची नोकरी करत असतानाच मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची ओळख घडली ती त्यांनी स्वतःहून पत्करलेल्या या कामातून.

जंगलाची ओढ अनेकांना ताडोब्याकडे नेते. इथे स्पष्ट सांगायला हवं, की निव्वळ वाघाचे फोटो विकून घर चालणं फार कठीण. या शाखेत स्थिरावलेले बहुतेक जण हौशी लोकांना सोबत घेऊन सहली आणि कार्यशाळा चालवतात. ज्याला शिकवायची आवड आहे आणि पाखरांची, झाडांची, जंगलाच्या नियमांची माहिती आहे, त्याने या वाटेला जावं.

वहीतला हिशेब

छंदातून आलेल्या माणसाची फसगत बहुधा दर ठरवताना होते. खर्च म्हणजे पेट्रोल आणि अल्बम, एवढंच तो धरतो. समजा, बॉडी, लेन्स, फ्लॅश, कार्डं आणि संगणक मिळून ४ लाख रुपये गुंतले आणि हे सामान ४ वर्षं चाललं. म्हणजे वर्षाला १ लाख. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, तेव्हा वर्षाला २५ ऑर्डरी धरल्या, तर एका ऑर्डरमागे ४,००० रुपये नुसत्या झिजेचे झाले. त्यावर मदतनीस, प्रवास, अल्बमची छपाई, विमा आणि संगणकापुढे बसून फोटो निवडण्या-सुधारण्याचे दिवस. दोन दिवसांच्या लग्नामागे आठवडाभराचं काम असतं आणि त्या आठवड्याची मजुरी दरात धरलीच पाहिजे. शेजारचा स्वस्तात करतो म्हणून आपण त्याहून कमी सांगितलं, तर दोन सीझनांत भांडवल संपतं.

सामानाची घाई नको. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात फिरलं तर चांगल्या स्थितीतलं जुनं सामान मिळतं. फक्त शटर किती चाललंय, हे आधी तपासून घ्यावं. एखादा कॅमेरा महिन्यातून एकदोनदाच लागत असेल, तर तो भाड्याने आणावा. ड्रोन घ्यायचा असेल तर २०२१चे ड्रोन नियम वाचावेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही; त्याहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर ते लागतं. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली, की जीएसटीची नोंदणीही आली.

फोटो कुणाचा?

होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे.च्या विद्यार्थिनी. त्यांचे सुरुवातीचे काही फोटो त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापले गेले. पुढे त्यांचं नाव झालं आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण आपल्या कामावर आपलं नाव असणं किती मोलाचं, हे त्या सुरुवातीवरून कळतं.

अनेकांना ठाऊक नसलेली बाब अशी, की १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नातला आपला सर्वांत सुंदर फोटो आपल्याच वेबसाइटवर लावायलाही परवानगी लागते. उपाय सोपा आहे. विसार घेतानाच एका पानाचा करार करावा : किती दिवस, किती फोटो, ते कधी देणार, पैसे कोणत्या टप्प्यांत, तारीख बदलली तर काय, आणि फोटो आपल्या कामाचा नमुना म्हणून वापरायची मुभा आहे की नाही. जाहिरातीसाठी हक्क देताना मुदत लिहावी. ती लिहिलेली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो. हक्क दिले तरी छायाचित्रकार म्हणून आपलं नाव सांगण्याचा अधिकार आपल्याकडेच राहतो. नात्यातली ऑर्डर असली तरी हा कागद करावा. नातं टिकायलाही त्याची मदत होते.

उडी कधी मारावी

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि संगणक मागाल तसं चित्र तयार करून देतो. मग छायाचित्रकार कशाला हवा? तो हवा, कारण आजी नातसुनेची ओटी भरत होती, ते खरोखर घडलं आणि तिथे उभं राहून कुणीतरी ते टिपलं, याला पर्याय नाही. साधारण फोटोंची किंमत आणखी उतरेल. ठरल्या वेळी हजर राहणाऱ्या आणि दिलेला शब्द पाळणाऱ्या माणसाची उतरणार नाही.

नोकरी कधी सोडावी, याला माझं उत्तर जुन्या जाणत्यांच्या चरित्रांतून आलेलं आहे. सुट्टीच्या दिवसांतली कामं रजा खाऊ लागली, वर्षभराचा घरखर्च बाजूला पडला आणि ओळखीबाहेरची माणसं दुसऱ्यांदा बोलावू लागली, की सोडावी. ओळखीचे लोक कौतुकाने बोलावतात. अनोळखी माणूस दुसऱ्यांदा बोलावतो, तो कामावरच्या विश्वासाने.

आणि एक काम दरवर्षी असं करावं, ज्याचे पैसे कुणी देणार नाही. आपल्या तालुक्याची जत्रा, आठवडी बाजार, बंद पडत चाललेले हातमाग, ऊसतोड मजुरांचे तळ : हे टिपायला परगावचा कुणी मोठा छायाचित्रकार येऊन वर्षभर राहणार नाही. ते तिथल्याच माणसाने करायचं आहे. ऑर्डरींच्या कमाईवर हे काम उभं राहतं, त्यातून नजर तयार होते आणि ती नजर पुन्हा ऑर्डरींत उतरते. पेशा झाल्यावर छंद मरतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ज्यांनी असं एखादं काम धरून ठेवलं, त्यांच्या तोंडून मी ती अजून ऐकलेली नाही.