गाडीतले सॉकेट आणि ऑक्सिजनचे यंत्र

सीओपीडीच्या रुग्णाला घरी ऑक्सिजनचे यंत्र मिळते. मग कुठेतरी लग्न निघते आणि मुलगा विचारतो, ‘डॉक्टर, यंत्र गाडीच्या सॉकेटवर चालेल ना?’

प्रवासासाठीचे छोटे यंत्र चालते. घरातले मोठे यंत्र मात्र इन्व्हर्टर लावूनही चालवू नये. ते ३०० वॅटच्या आसपास वीज घेते, म्हणजे १२ व्होल्टवर २५ अँपिअर. सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते २० अँपिअरचा असतो, तो उडणारच.

गाडीचे ‘१२ व्होल्ट’ हे नुसते नाव आहे. रक्तदाबासारखा हा आकडाही हलता असतो. उभ्या गाडीत १२.६, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास, स्टार्टर मारताना क्षणभर ७-८. गाडीसाठी बनवलेले अडॅप्टर एवढे सोसते. धोका वेगळाच आहे. अल्टरनेटर (गॅरेजवाले अजून डायनमोच म्हणतात) जोरात चार्जिंग करत असताना बॅटरीचे ढिले टर्मिनल सुटले, तर वीज शोषून घेणारी बॅटरीच राहत नाही. अल्टरनेटरमधले चुंबकीय क्षेत्र लगेच ओसरत नाही आणि व्होल्टेज उसळते. जुन्या गाड्यांत ते ८०-१०० व्होल्टपर्यंत जाऊ शकते आणि सेकंदाचे काही दशांश टिकते. नव्या अल्टरनेटरमध्ये ही उसळी साधारण ३५ व्होल्टवर छाटली जाते. तेवढेही नाजूक सर्किटला पुष्कळ झाले.

‘फ्यूज आहे की!’ असे अनेकांना वाटते. पण फ्यूज असतो वायर जळू नये म्हणून. तो वितळेपर्यंत आतली चिप गेलेली असते. उसळी अडवायला अडॅप्टरमध्ये टीव्हीएस डायोड लागतो. ठरावीक व्होल्टेजच्या वर गेले की तो जादा वीज स्वतःकडे वळवतो. फुटपाथवरच्या स्वस्त अडॅप्टरमध्ये तो असेलच असे नाही, आणि बाहेरून पाहून कळतही नाही. म्हणून यंत्राच्या कंपनीचेच अडॅप्टर घ्यावे. इथे वाचवलेले पैसे महागात पडतात.

गाडी सुरू झाल्यावरच पिन लावावी, बंद करण्याआधी काढावी. जंप स्टार्ट करताना तर नक्कीच काढावी; मदतीला थांबलेल्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. निघण्यापूर्वी मेकॅनिककडून टर्मिनल घट्ट करून घ्यावेत. यंत्राची स्वतःची बॅटरी पूर्ण चार्ज हवी, लांबच्या प्रवासात जादा बॅटरीही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर डिकीतल्या बॅगेत नको, हाताशी असू द्यावा.