लहान देहाला थंडी लवकर का बाधते?

कडाक्याच्या थंडीत निफाडकडे पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. अशा रात्री गोठ्यातली म्हैस निवांत रवंथ करीत बसते. कोंबडीची पिले मात्र आईच्या पंखाखाली शिरतात, आणि एखादे बाहेर राहिले तर सकाळी गारठून मेलेले आढळते. थंडी दोघांना सारखीच, मग फरक कशाचा? म्हशीला ताकद मोठी, असे आपण म्हणतो. पण मुख्य कारण साध्या अंकगणितात आहे, आणि शिक्षक बंधुभगिनींना ते वर्गात मातीने दाखवता येईल.

शाडूच्या मातीचा, सर्व बाजूंनी 3 सेंटिमीटरचा ठोकळा करा. त्याचे घनफळ 27. त्याला सहा बाजू, प्रत्येकीचे क्षेत्रफळ 9. म्हणजे सारा पृष्ठभाग 54 चौरस सेंटिमीटर. आता सुरीने त्याचे एकेक सेंटिमीटरचे 27 तुकडे करा. माती तेवढीच राहिली. पण प्रत्येक तुकड्याला सहा बाजू, म्हणून पृष्ठभाग झाला 162. चांगला तिप्पट! गुळाचा खडा फोडून टाकला की लवकर विरघळतो, तो याचमुळे. वस्तू जितकी लहान, तितका घनफळाच्या मानाने तिचा पृष्ठभाग जास्त.

सजीवांची सारी देवघेव पृष्ठभागातूनच चालते. प्राणवायू आत, कर्बवायू बाहेर. अन्नपाणी आत, उष्णता बाहेर. गांडुळाचा देह बारीक, म्हणून ओल्या कातडीतून मिळते तेवढी हवा त्याला पुरते. माणसाची कातडी जेमतेम पावणेदोन चौरस मीटर. तिच्यावर त्याचे कसे भागावे? म्हणून आपल्या छातीत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश आहेत. ते उलगडून पसरले, तर 50 ते 75 चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे एखाद्या मोठ्या वर्गखोलीएवढी! आतड्याच्या आतल्या घड्या आणि द्राक्षवेलीच्या मुळांवरची बारीक लव, ही त्याच युक्तीची रूपे.

पण उष्णतेच्या बाबतीत हाच हिशेब लहान देहावर उलटतो. ऊब निर्माण होते आतल्या देहात, आणि निसटते कातडीतून. नवजात बाळाला दर किलो वजनामागे मोठ्या माणसाच्या सुमारे अडीच पट कातडी असते. बाळ अडीच किलोहून कमी वजनाचे असेल, तर धोका आणखी वाढतो. त्याच्या अंगात चरबीही थोडीच असते. आपल्याला उबदार वाटणाऱ्या खोलीतसुद्धा ओले बाळ झपाट्याने गार पडते. गार पडलेले बाळ दूध नीट ओढत नाही, आणि दूध नाही म्हणून अंगात ऊब येत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून 39 खेड्यांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी देखभाल करण्यास शिकवले. जंतुसंसर्गावरील उपचारांबरोबर बाळाला उबेत ठेवणे हाही त्या शिक्षणाचा भाग होता. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या खेड्यांच्या मानाने, तेथील नवजात मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले.

तेव्हा बाळ जन्मले की आधी ते कोरडे पुसावे, आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि दोघांवर पांघरूण घालावे. डोक्याला टोपडे हवेच. बाळाचे डोके देहाच्या मानाने मोठे, तेथून पुष्कळ ऊब जाते. पहिली आंघोळ निदान एक दिवस लांबवावी. कमी वजनाच्या बाळाची तर डॉक्टर सांगतील तेव्हाच. खोलीत शेगडीचा धूर कोंडू नये. बाळाचे पोट हाताला गार लागले किंवा ते दूध ओढेनासे झाले, तर छातीशी धरूनच त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

घरातल्या आजीबाई म्हणतील, “आमच्या वेळी जन्मल्याबरोबर न्हाऊ घालीत.” त्यांच्याशी वाद घालू नका. मातीचा ठोकळा घ्या, त्यांच्यासमोर कापा आणि हिशेब करून दाखवा. त्यांना तो नक्की पटेल.