सुटी फाइलही माउंट होते

माउंट म्हटलं की पेन ड्राइव्ह किंवा डिस्कचं पार्टिशन आठवतं. लिनक्समध्ये मात्र एखादी सुटी फाइलही दुसऱ्या फाइलवर माउंट करता येते. बाइंड माउंटची ही सोय कर्नल २.४ पासूनची, म्हणजे २००१ची. प्रोसेसच्या गटाला माउंटची स्वतंत्र यादी देणारी माउंट नेमस्पेस २००२ साली आली. डॉकर या दोन्हींवर चालतो: कंटेनरमधल्या होस्ट्स, होस्टनेम आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइली इमेजमधून येत नाहीत, होस्टवरच्या फाइली तिथे बाइंड केलेल्या असतात.

गोची अशी, की माउंट फाइलच्या नावाला नव्हे, आयनोडला, म्हणजे नावामागच्या प्रत्यक्ष फाइलच्या नोंदीला धरून असतं. बरेच एडिटर सेव्ह करताना नवी फाइल लिहितात आणि तिला जुनं नाव देतात. होस्टवर बदल दिसतो, कंटेनर मात्र जुनाच आयनोड वाचत बसतो. आणि मग लोक कॅशला शिव्या घालतात! कंटेनरच्या आत होस्ट्सवर ‘सेड -आय’ चालवलं, तर उत्तर येतं ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’. माउंट पॉइंटवर दुसरी फाइल रीनेम करून बसवायला कर्नल नकार देतं. तयार मजकूर ‘कॅट’ने त्याच फाइलीत ओतला तर चालतं, कारण आयनोड तोच राहतो.

आणखी एक खोड. कंटेनर सुरू करताना माउंटसाठी ‘-व्ही’ हा पर्याय दिला आणि होस्टवरच्या फाइलचं नाव चुकलं, तर डॉकर त्या नावाची डिरेक्टरीच बनवून टाकतो. ‘--माउंट’ लिहिलं तर निदान सरळ एरर येते.