टपालाचे मत आणि सहीची परीक्षा

मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठ वाजता जे मत पहिल्याने हाती घेतात, ते यंत्रातले मत नव्हे; टपालाने आलेले मत होय. मोजणीच्या दालनात एका टेबलावर लखोट्यांचे गठ्ठे ठेवलेले असतात. अर्ध्या तासाने यंत्रांची मोजणी सुरू होते आणि उमेदवारांचे प्रतिनिधी, वार्ताहर, बाहेर ताटकळणारे लोक या साऱ्यांचे लक्ष तिकडे वळते. या टेबलावर मात्र एक निराळेच काम चाललेले असते. तेथे मत मोजण्याच्या आधी मतदाराची सही पाहतात.

या लखोट्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. निवडणूक संचालनाचे नियम १९६१ सालचे. त्यांनुसार टपाली मतदाराने मतपत्रिकेवर खूण करून ती एका लहान लखोट्यात घालून बंद करावयाची. त्याबरोबर ‘तेरा-अ’ नमुन्यातील प्रतिज्ञापत्र भरून त्यावर सही करावयाची, आणि ती सही आपल्यासमोर झाली असा दाखला राजपत्रित किंवा तत्सम अधिकाऱ्याकडून घ्यावयाचा. मग लहान लखोटा आणि प्रतिज्ञापत्र ही दोन्ही एका मोठ्या लखोट्यात घालून निवडणूक अधिकाऱ्याकडे धाडावयाची. मोजणीच्या वेळी आधी मोठा लखोटा फोडतात. आत प्रतिज्ञापत्र नसेल, त्यावर रीतसर सही व साक्षांकन नसेल, किंवा त्यावरील क्रमांक लहान लखोट्यावरील क्रमांकाशी जुळत नसेल, तर लहान लखोटा उघडतच नाहीत. मत बाद होते. ते कोणास दिले होते हे कोणासही कळत नाही, कारण ते पाहिलेलेच नसते. म्हणजे मत देण्यात मतदाराची चूक झाली म्हणून ते गेले असे नव्हे. मतासोबतच्या कागदात उणीव राहिली म्हणून गेले.

असा कडक नियम का असावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. मतदान केंद्रावर मतदार स्वतः उभा असतो. त्याचा चेहरा दिसतो, ओळखपत्र पाहता येते, बोटास शाई लावता येते. तेथील नोंदवहीतही त्याची सही किंवा अंगठा घेतात खरा, पण जुन्या सहीशी तो कोणी ताडून पाहत नाही. टपालाच्या मताबरोबर माणूस येत नाही, त्याची सही तेवढी येते. आणि माणसाचे सारे काम त्या सहीने करावयाचे असते.

ही मते थोडी असतात म्हणून ती दुर्लक्षणीय आहेत असेही नाही. गुजरातमधील धोळका मतदारसंघात २०१७ साली विजयी उमेदवाराचे मताधिक्य होते ३२७, आणि बाद ठरविलेली टपाली मते होती ४२९. हे प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेले. मे २०२० मध्ये न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. त्याच वर्षी बिहारमधील हिलसा येथे उमेदवार अवघ्या १२ मतांनी निवडून आला, आणि तेथे बाद झालेली टपाली मते होती १८२. मुंबईकरांना तर २०२४ ची उत्तर-पश्चिम मुंबईची लोकसभेची लढत आठवत असेलच. तेथील अंतर ४८ मतांचे होते, आणि वादात बाद टपाली मतांचा प्रश्नही निघालाच. मताधिक्य बाद मतांहून कमी असेल, तर ती बाद मते पुन्हा एकवार तपासावीत, अशी निवडणूक आयोगाची आज्ञा आहे. ती शहाणपणाची आहे.

आता ज्या सहीवर हा सारा डोलारा उभा आहे, ती सही म्हणजे काय, हे पाहू. आपले जुने मराठी महजर पाहिले तर त्यांच्या शेवटी नावांची लांबलचक यादी असते. पाटलाच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’, सुताराच्या नावापुढे किंकरे, न्हाव्याच्या नावापुढे आरसा. ज्याचा जो धंदा, त्याचे हत्यार हीच त्याची खूण. लेखणी होती कुलकर्ण्याची, आणि ‘दस्तुर खुद्द’ हे शब्द ज्यांना लिहिता येत होते त्यांचे. म्हणजे स्वतःच्या हाताचे वळण हीच आपली ओळख, असे म्हणण्याचा अधिकार काही जातींना पिढ्यान्‌पिढ्या होता आणि बाकीच्यांना नव्हता. असे असूनही त्या महजरांत एका गोष्टीवरून कोणाचे अडले नाही. एका कागदावरचा नांगर दुसऱ्या कागदावरच्या नांगरासारखा निघाला नाही, म्हणून पाटलाची साक्ष कोणी फेटाळल्याचे ऐकिवात नाही. गोतसभेत माणूस समोर होता, लोक त्याला ओळखत होते. खूण ही त्यामागून आलेली गोष्ट होती.

आपल्या निवडणूक नियमांनी कळत नकळत हीच जुनी वाट धरली आहे. ज्याला नाव लिहिता येत नाही त्याने अधिकाऱ्यासमोर खूण करावी, अधिकाऱ्याने त्याची ओळख पटवून घेऊन त्या खुणेवर साक्ष घालावी, म्हणजे ती सहीच समजली जाईल, असे त्या नियमांतच म्हटले आहे. भारतातील निवडणूक अधिकारी मतदाराची सही दप्तरातील जुन्या सहीशी ताडून पाहत बसत नाही. ही सही खरी असे एका जबाबदार माणसाने म्हटले आहे की नाही, एवढेच तो पाहतो.

अमेरिकेतील पुष्कळ राज्यांत मात्र दुसरी रीत आहे. तेथे मतदाराने लखोट्यावर केलेली सही नोंदणीच्या वेळच्या सहीशी जुळविली जाते. वॉशिंग्टन राज्यात तर निवडणूक जवळजवळ सगळीच टपालाने होते. तेथील राज्य लेखापरीक्षकाने नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीतील मतांची तपासणी करून फेब्रुवारी २०२२ मध्ये अहवाल दिला. त्यात असे दिसले की, काळ्या मतदारांची मते बाद होण्याचे प्रमाण गोऱ्या मतदारांच्या चौपट होते. इतर अल्पसंख्य समाजांचे आणि तरुण मतदारांचे प्रमाणही अधिक होते. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट नमूद आहे, आणि तीच अधिक विचार करावयास लावते. तपासनीसांनी ज्या ज्या निर्णयांची छाननी केली, त्यांत जाणूनबुजून पक्षपात झाल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. टेबलाशी बसलेला कारकून दुष्ट नव्हता. त्याला मतदाराचा रंग दिसतही नव्हता; दिसत होत्या त्या दोन सह्या. तरीही गठ्ठ्यातून बाजूला पडणाऱ्या लखोट्यांत एका वर्णाचे लखोटे अधिक निघाले.

हे कसे घडते हे उमगण्यास शाळेतल्या वह्या पाहिल्या तरी पुरे. ज्याच्या हातून रोज लिखाण होते, बँकेत, कचेरीत, पावतीवर ज्याला दिवसातून चारदा सही करावी लागते, त्याची सही दगडावर कोरल्यासारखी एकच एक असते. जो वर्षातून एकदा सही करतो त्याची दर वेळी थोडी बदलते. नव्या मतदाराने अठराव्या वर्षी केलेली सही बाविसाव्या वर्षी तशीच राहत नाही. म्हातारपणी हात कापतो. दोन सह्यांतील फरक हा लबाडीचाच असतो असे नव्हे. बहुधा तो सवयीचा असतो, आणि लिहिण्याची सवय समाजात सारखी वाटली गेलेली नाही.

हैदराबादेत ही रीत लागू केली असती तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी. येथे एकाच आळीत तेलुगू, उर्दू, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा पाच तऱ्हांनी सह्या करणारी माणसे राहतात. निजामाच्या अमदानीत दरबारचा कारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूत. त्यामुळे जुन्या पिढीतील कित्येक मराठी गृहस्थ घरच्या पत्रावर मोडीत किंवा बाळबोधीत, तर कचेरीच्या कागदावर उर्दूत सही करीत. १९५६ साली संस्थानाचे तीन भाग झाले, मराठवाडा तिकडे गेला. जे येथेच राहिले त्यांच्या मुलांनी इंग्रजीत सही गिरवली. सुलतान बाजार किंवा काचीगुडा भागातील एखाद्या घरात आजोबा, बाप आणि नातू यांच्या सह्या तीन लिप्यांत सापडाव्यात, यात नवल नाही. यातली खरी सही कोणती? अर्थात प्रत्येकाची आपापली खरी. परंतु दप्तरातील एका नमुन्याशी ताडणाऱ्याला हे कोण सांगणार?

म्हणून आपली साक्षांकनाची रीत अधिक माणुसकीची आहे, असे म्हणावेसे वाटते. तरी तीही निर्दोष नाही. तिच्यात सहीचा घोळ नाही. मात्र अधिकारी गाठण्याचा खटाटोप आहे. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या शाळामास्तराला किंवा तहसीलदाराला आपल्या ओळखीचा राजपत्रित अधिकारी मिळतो. त्याच कामावर असलेल्या गाडीचालकाने किंवा शिपायाने कोणाच्या दारी जावे? बरे, अधिकारी मिळाला आणि त्याने सही केली, पण खाली आपले नाव आणि हुद्दा लिहिला नाही, शिक्का मारला नाही, तर?

ही केवळ कल्पना नव्हे. शेजारच्या आंध्र प्रदेशात २०२४ च्या निवडणुकीत नेमका हाच प्रश्न उभा राहिला. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी मोजणीच्या काही दिवस आधी आदेश काढला की, साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्याची सही असली म्हणजे पुरे. नाव, हुद्दा वा शिक्का नाही म्हणून मत बाद करू नये. एका पक्षाने त्यास हरकत घेतली. उच्च न्यायालयाने हरकत मानली नाही, सर्वोच्च न्यायालयानेही मोजणीच्या आदल्या दिवशी हात घालण्यास नकार दिला. शिक्का विसरला अधिकारी, आणि मत जाणार होते मतदाराचे. आदेशाने ते वाचविले. नियम इतका ऐन वेळी स्पष्ट करावा लागला, हे मात्र भूषणावह नाही.

खुद्द हैदराबाद शहराने याच जातीचा वाद २०२० च्या डिसेंबरात पाहिला. तो लखोट्याचा नव्हता, शिक्क्याचा होता. महानगरपालिकेच्या दीडशे जागांसाठी त्या वेळी यंत्राऐवजी मतपत्रिकांवर मतदान झाले. मतदाराने स्वस्तिकासारखी बाणांची फुली असलेला शिक्का मारावा असा नियम. परंतु काही केंद्रांवर कर्मचाऱ्यांनी भलताच शिक्का मतदाराच्या हाती दिला, आणि त्याने तो इमानाने मारला. मोजणीच्या आदल्या रात्री राज्य निवडणूक आयोगाने परिपत्रक काढले की, मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर असे मत धरावे. दुसऱ्या दिवशी, ४ डिसेंबरला, उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. नेरेडमेट विभागात संशयित मते आघाडीहून अधिक निघाली, तेव्हा तेथील निकालच रोखून धरला. न्यायालयाने पुढे वाट मोकळी केल्यावर ९ डिसेंबरला तो जाहीर झाला. विजयी उमेदवाराचे मताधिक्य ७८२ ठरले. (याच निवडणुकीत ओल्ड मलकपेट येथे मतपत्रिकेवर एका पक्षाऐवजी दुसऱ्याच पक्षाचे चिन्ह छापले गेले आणि तेथे पुन्हा मतदान घ्यावे लागले. कागद हा मोठा खोडकर प्राणी आहे.)

नेरेडमेटचे मतदार एका अर्थी भाग्यवान म्हणावयाचे. त्यांची मते टेबलावर उघडी होती. ती सर्वांना दिसली, त्यांवर वाद झाला, न्यायालय मध्ये पडले. टपालाच्या लहान लखोट्याच्या नशिबी हे नाही.

अलीकडे काही सुधारणा झाल्या आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये नियम बदलले, आणि निवडणुकीच्या कामावरील कर्मचाऱ्यांनी आपले टपाली मत सुविधा केंद्रात जाऊनच द्यावे असे ठरले. साक्षांकन करणारा अधिकारी तेथेच बसलेला असतो, त्यामुळे त्याच्या शोधात हिंडावे लागत नाही. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरच्या तेलंगण विधानसभा निवडणुकीत ऐंशीच्या पुढील वृद्धांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरबसल्या मत देता आले. कर्मचाऱ्यांचे पथक मतपत्रिका घेऊन घरी आले. पुढे २०२४ च्या लोकसभेसाठी ही वयाची अट पंच्याऐंशी करण्यात आली. कापऱ्या हाताच्या मतदारासमोर अधिकारी स्वतः येऊन बसतो. ही पुन्हा गोतसभेचीच तऱ्हा झाली.

दोन गोष्टी मात्र अजून जशाच्या तशा आहेत. निकालपत्रात बाद टपाली मतांचा आकडा येतो. ती शिपायांची किती, शिक्षकांची किती, स्त्रियांची किती, याचा रकाना त्यात नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मतदाराचा वर्ण नोंदणीतच लिहिलेला असतो, म्हणून तेथे कोणाची मते किती गळाली याचा हिशेब न्यायालयापुढे मांडता येतो. दुसरी गोष्ट अधिक साधी आहे. वॉशिंग्टनमध्ये सही जुळली नाही, तर निकाल पक्का होण्यापूर्वी मतदारास कळवावे लागते, आणि त्याला येऊन चूक दुरुस्त करता येते. आपल्याकडील नियमांत मतदाराला असे कळविण्याची तरतूद नाही. आपला लखोटा बाजूला पडला हे त्या शिपायास किंवा त्या शिक्षिकेस कधीच समजत नाही. तो तसाच बंद राहतो, इतर बाद लखोट्यांबरोबर एका पाकिटात मोहोरबंद होतो, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या ताब्यात वर्षभर ठेवला जातो, आणि न्यायालयाचा वेगळा हुकूम नसेल तर त्यानंतर नष्ट करण्यात येतो.