अनुबोधपटमालिकेतील निवेदक आणि ‘आपण’ हे सर्वनाम

दूरचित्रवाणीवरील गंभीर अनुबोधपटमालिकेत निवेदक हा केवळ माहितीचा वाहक असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी होय. अदृश्य आवाजाने उच्चारलेले वाक्य वस्तुस्थिती म्हणून ऐकले जाते. समोर दिसणाऱ्या व्यक्तीने उच्चारलेले तेच वाक्य तिचे मत म्हणूनही ऐकता येते. निवेदकामुळे विधानाला वक्ता लाभतो, आणि वक्ता लाभताच विधानाचे स्वरूप पालटते.

बी. बी. सी.ने १९६९ साली प्रक्षेपित केलेली ‘सिव्हिलायझेशन’ ही १३ भागांची मालिका या दृष्टीने उद्बोधक आहे. तिचे लेखक व निवेदक कलेतिहासकार केनेथ क्लार्क हे होत. हा एक वैयक्तिक दृष्टिकोन आहे, अशी कबुली मालिकेच्या उपशीर्षकातच होती. तथापि क्लार्क यांच्या संथ व निःशंक स्वरामुळे ती कबुली मागे पडते, आणि पश्चिम युरोपच्या कलेचा इतिहास म्हणजेच संस्कृतीचा इतिहास, असा ग्रह होण्यास वाव राहतो.

येथे सर्वनामाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मराठीत ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, तर ‘आपण’ त्याला सामावून घेते. इंग्रजीतील ‘वी’ या दोहोंचे काम करते. निवेदकाचा ‘वी’ मराठीत आणताना निवड अटळ होते. ‘आपण’ म्हटल्यास मराठी श्रोता त्या वारशाचा भागीदार ठरतो. ‘आम्ही’ म्हटल्यास तो पाहुणा ठरतो. मूळ भाषेत झाकलेली संदिग्धता अशी उघड होते.

जॉन बर्जर यांनी १९७२ साली ‘वेज ऑफ सीइंग’ या ४ भागांच्या मालिकेत निराळा मार्ग पत्करला. चित्रांची ही मांडणी स्वतःच्या हेतूने केलेली आहे, तेव्हा तिच्याकडे संशयानेच पाहावे, असे ते पहिल्या भागाच्या अखेरीस प्रेक्षकाला बजावतात. २०१८ सालच्या ‘सिव्हिलायझेशन्स’ या मालिकेत शीर्षक अनेकवचनी झाले, क्षेत्र युरोपबाहेर विस्तारले आणि सायमन शामा, मेरी बिअर्ड व डेव्हिड ओलुसोगा असे तीन निवेदक आले. त्यामुळे एकाच दृष्टीची मक्तेदारी ओसरली. एकाच वक्त्याचा सलग युक्तिवाद मात्र त्यात उरला नाही.

सारांश, निवेदकाचे वक्तृत्व हा त्याच्या परीक्षणाचा एकमेव निकष नव्हे. त्याच्या ‘आपण’मध्ये कोणाचा समावेश होतो आणि त्याच्या विधानाशी असहमत होण्यास प्रेक्षकाला कितपत अवकाश राहतो, हे प्रथम तपासले पाहिजे.