तार जुळली, पण वाट कुठे आहे?

उमरीच्या स्टेशनावर उभे राहिलात, तर रुळाला दोनच दिशा दिसतात. एक मुदखेडवरून नांदेडला जाते, दुसरी धर्माबाद, बासर करीत निजामाबादकडे. नांदेडला निघालेला माणूस चुकून निजामाबादच्या गाडीत चढला, तर गाडीत बिघाड नसतो, रूळही शाबूत असतात. माणूस मात्र नांदेडला पोचत नाही. संगणकाच्या जाळ्यातील पुष्कळ तक्रारी याच जातीच्या असतात.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. पुढे ते तालुक्याच्या गावी आले ते साध्या टेलिफोनच्या तारेवरून. मोडेम नावाची लहानशी पेटी संगणकाचे आकडे आवाजात बदलून तारेवर सोडी, आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा आकडे करी. फोन जोडलेला असेपर्यंत मीटर फिरत राही. म्हणून एक युक्ती निघाली. मोडेम एकाच संगणकाला जोडायचा. बाकीच्यांनी बाहेरगावची माहितीची पाकिटे त्याच्या हाती द्यायची. पाकीट आले की त्याने आपण होऊन फोन लावायचा, आणि काही मिनिटे कोणी फिरकले नाही, की ठेवून द्यायचा. गरजेपुरती जोडणी, दुसरे काय!

आता पाकीट कोणत्या दाराने बाहेर काढायचे, हे संगणकाला कसे कळते? त्याच्याजवळ मार्गसूची असते. अमुक पत्ते या दाराने, तमुक त्या दाराने, आणि शेवटी एक ओळ : बाकी सारे जग या दाराने. या शेवटच्या ओळीला डिफॉल्ट रूट म्हणतात. खरी गोम येथेच असते.

एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ही व्यवस्था मांडताना आम्ही पुरते फसलो होतो. लिनक्सवर चालणारे यंत्र, त्याला मोडेम. फोन आपोआप लागेना. हाताने लावला, तर मोडेम कर्कश ओरडे, दिवे लागत, पत्ताही मिळे. पण पान काही उघडेना. परीक्षेचे अर्ज पाठवायची मुदत जवळ आलेली. तारेला दोन दिवस शिव्या दिल्या. टेलिफोनच्या माणसाला बोलावले, त्याने रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाला, "सर, लाइन तर चांगली आहे." ते खरेच होते. शेवटी यंत्राची रोजनिशी उघडून पाहिली. तीत स्पष्ट लिहिले होते, की आधीचा डिफॉल्ट रूट असल्याने तो बदललेला नाही. कोणीतरी प्रयोगशाळेच्या आतल्या जाळ्याच्या कार्डावर आधीच एक 'बाकी सारे जग' लिहून ठेवले होते! पाकिटे तिकडे जात, आणि तिकडे कोणीच नव्हते. ती एक ओळ पुसली, आणि काम झाले.

तेव्हा अशी तक्रार आली, तर आधी फोन हाताने लावून पाहा. तोही लागला नाही, तर तार, मोडेम किंवा परवलीचा शब्द तपासा. मार्गसूचीच्या वाटेला जाऊ नका. लागला, तर बाहेरच्या एखाद्या यंत्राला त्याच्या आकडी पत्त्याने पिंग करा, म्हणजे हाक मारून पाहा. आकड्याला ओ मिळते आणि नावाला मिळत नाही, तर वाट ठीक आहे. नावांचा पत्ता सांगणारे यंत्र तेवढे चुकीचे लिहिले आहे. मोडेमच्या संगणकावर सारे चालते आणि शेजारच्यांवर नाही, तर त्यांची पाकिटे पुढे धाडण्याची परवानगी बंद असेल, किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे घरगुती पत्ते तसेच बाहेर जात असतील. असल्या पत्त्यांना बाहेर कोणी ओळखत नाही.

कधी पान पहिल्यांदा उघडत नाही, दुसऱ्यांदा बिनबोभाट उघडते. घाबरू नका. ज्या पाकिटाने फोन उठवला, त्यावर जुना पत्ता असतो. जोडणी होताच यंत्राला नवा पत्ता मिळतो, आणि जुन्यावर निघालेले उत्तर हरवते.

परतीची वाटही पाहावी लागते, बरं का. शाखेचे यंत्र मुख्य कचेरीला फोन लावते. ते स्वतः बोलते, पण त्याच्यामागच्या संगणकांना उत्तर येत नाही. विंडोज २००० सर्व्हरमध्ये याचे एक गमतीचे कारण असे. फोन करणाऱ्याने सांगितलेले नाव आणि मुख्य कचेरीत त्या जोडणीला दिलेले नाव एकच नसले, तर समोरचे यंत्र त्याला एकटा पाहुणा समजे. त्याच्यामागे अख्खे घर आहे हे त्याला कळतच नसे, मग त्या घराची वाट तरी तो कशी धरणार?

याच्या उलट दुखणे खिशाला लागे. रात्री कुलूप लावून गेलात, तरी एखादा चालू राहिलेला संगणक दर काही मिनिटांनी कोणाचे तरी नाव विचारी. त्या पाकिटाने फोन लागे; पुढचे पाकीट वेळेची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करी, आणि फोन सकाळपर्यंत ठेवलाच जात नसे. बिल आले की कळे. असल्या किरकोळ पाकिटांसाठी फोन लावू नये आणि चालू जोडणीही लांबवू नये, असा नियम यंत्रात लिहावा लागे.

आता मोडेमचा तो कर्कश आवाज ऐकू येत नाही. तरी मुख्य तार तुटली की मोबाइलच्या सिमवर जाणारी यंत्रे आहेत, आणि त्यांतही दोन डिफॉल्ट रूट असतात. तार तुटल्यावर तिची ओळ मागे पडली नाही, तर सिम जागे असूनही पाकिटे तुटक्या तारेकडेच चालत राहतात.