घोट्यावरची न भरणारी जखम

आज बचतीचा हिशेब बाजूला ठेवते आणि पायांविषयी बोलते.

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या एका गटातल्या मावशी सलग तीन महिने बैठकीला आल्या नाहीत. नियमाप्रमाणे मी गैरहजेरीचा दंड लावला. मग घरी गेले, तेव्हा कळलं. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला दोन वर्षांपासून जखम चिघळत होती, तळहाताएवढी झाली होती. वास येतो म्हणून बाया सरकून बसायच्या, म्हणून मावशींनी येणंच सोडलं. हळद लावून झाली, तंबाखू-चुना झाला, मेडिकलमधली मलमं झाली. दंड मी परत केला. पण आधी विचारायला हवं होतं, तेवढं माझं चुकलंच.

मावशींचे कितीतरी हंगाम ऊसतोडीत गेले. बाळंतपणांपासूनच पोटरीवर दोरीसारख्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा होत्या. पुढे संध्याकाळी पाय सुजायला लागला. मग घोट्याभोवतीची कातडी काळी पडली, खाज सुटली. सगळ्यांना तो नायटा वाटला. खाजवता खाजवता जखम झाली. हा आजार बहुतेक असाच पायरी पायरीने येतो. डॉक्टर फुगलेल्या शिरांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

हे का होतं, ते विहिरीवरच्या मोटारीवरून समजेल. फुटवॉल गळका असला की मोटार बंद केल्यावर पाइपातलं पाणी परत खाली उतरतं. पायातलं रक्तही वर हृदयाकडे चढवावं लागतं. चालताना पोटरीचा स्नायू दाबला जातो, तो झाला पंप. शिरांमध्ये बारीक झडपा असतात, त्या झाल्या फुटवॉल. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली घसरतं, घोट्याशी साचतं. तिथला दाब वाढतो, कातडीचं पोषण बिघडतं. वरून रक्त उतरत राहील तोवर नुसत्या मलमाने अशी जखम भरणं अवघड.

म्हणून नादुरुस्त शीर बंद करतात. त्याचा एक मार्ग म्हणजे फेसाचं इंजेक्शन, म्हणजे फोम स्क्लेरोथेरपी. दोन सिरिंज एका तोटीने जोडतात. साधारण एक भाग औषध आणि चार भाग हवा घेऊन या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये ढकलत राहतात, की साबणासारखा दाट फेस होतो. इटलीतल्या तेसारी नावाच्या डॉक्टरांनी २००० साली ही सोपी रीत मांडली. पातळ औषध रक्तात मिसळून फिकं पडतं. फेस मात्र रक्ताला बाजूला सारतो आणि शिरेच्या भिंतीला चिकटतो. सोनोग्राफीवर बघत बघत तो शिरेत सोडतात. आतलं अस्तर जळतं, शीर बंद होते आणि काही महिन्यांत आकसून जाते. भूल लागत नाही, टाके नाहीत. त्याच दिवशी चालत घरी येता येतं.

मावशींनी विचारलं, शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? पायातलं बहुतेक रक्त खोलवरच्या मोठ्या शिरांतूनच वर जातं. त्या धड आहेत ना, हे आधी डॉप्लर सोनोग्राफीत बघतात.

इंजेक्शन झालं म्हणजे संपलं असं नाही. बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत दाबाची पट्टी बांधावीच लागते. कधी दोन-तीन वेळा इंजेक्शन लागतं, कारण शीर पुन्हा उघडू शकते. लेझरने बंद केलेली शीर जास्त टिकते, पण तो खर्च बहुधा मोठा असतो. तपकिरी डाग राहतात, शीर काही दिवस दुखते. क्वचित खोल शिरेत गुठळी होते, म्हणून पोटरी एकदम सुजली किंवा दम लागला तर लगेच दवाखाना गाठायचा. गरोदर असाल किंवा पूर्वी गुठळी झाली असेल, तर आधीच सांगायचं.

थांबून बघू, असं घरचे म्हणतात. इंग्लंडमध्ये अशा ४५० रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची शीर दोन आठवड्यांत बंद केली, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. ज्यांना आधी फक्त पट्टी दिली, त्यांच्यात तेवढ्यालाच ८२ दिवस लागले.

घट्ट पट्टी मनाने बांधू नका. आधी पावलाची नाडी तपासून घ्यायची. मधुमेह असेल किंवा वर्षानुवर्षं मिश्री लावत असाल, तर पायाकडे येणारी रक्तवाहिनीच अरुंद झालेली असू शकते. अशा पायाला घट्ट पट्टी घातली तर पायच धोक्यात येतो.

आणखी एक ऐका, कारण यात जीव जाऊ शकतो. फुगलेली शीर फुटून रक्ताची धार लागली, तर बाईला लगेच आडवं करा. पाय उंच धरा आणि स्वच्छ कापडाने त्या जागी दाबून ठेवा. वर दोरी बांधू नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. उभं तर करूच नका.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि चिठ्ठी घ्या. नगरचं जिल्हा रुग्णालय आहे, लोणी आणि विळद घाट इथे मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आहेत. तिथल्या शस्त्रक्रिया विभागात डॉप्लरचं आणि या इंजेक्शनचं विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. महात्मा फुले योजनेत काय बसतं, ते आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधीच विचारून घ्या.

मावशींसाठी गाडीभाड्याचे पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातून दिले. जखम भरायला तीन महिने लागले. आता खाटेच्या पायथ्याशी दोन विटा ठेवून झोपतात, सकाळी उठल्याबरोबर दाबाचा मोजा चढवतात. उन्हाळ्यात मोजा फार उकडतो, अशी त्यांची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. पण मागच्या बैठकीला त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या.